निवाड्याखालची सही

मी ज्या इंग्रजी संगणक-मासिकात काम करत होते, त्याच्या वाचकांची पत्रं फिरून फिरून एकाच प्रश्नावर यायची: यातलं कुठलं घेऊ? २००५ नंतरची ती वर्षं. त्याआधी वेबसाइट बांधायची म्हणजे पीएचपीची सुटी पानं लिहायची, नाहीतर कंपनी मोठी असेल तर जावातलं स्ट्रट्स वापरायचं, इतका सरळ मामला होता. मग जुलै २००४ मध्ये रूबी ऑन रेल्स हे रूबी भाषेतलं फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा, खुलं झालं, पुढच्या जुलैत पायथनमधलं जँगो आलं, पीएचपीवाल्यांनी केकपीएचपी, सिंफनी, कोडइग्नायटर, झेंड अशी रांग लावली. जावावाल्यांत तर जेएसएफ, टॅपेस्ट्री आणि विकेट यांची आपसांतच चढाओढ होती. सगळी फ्रेमवर्क फुकट, सगळ्यांचा कोड उघडा. पण जे उतरवून घ्यायला काही मिनिटं लागतात, ते सोडायला वर्षं लागतात. माणसं त्यातच तयार होतात, नवी भरती त्याच नावाने होते, आणि ज्याने निवड केली तो नोकरी बदलून गेला तरी मागे राहिलेल्यांना ते निस्तरत बसावं लागतं. म्हणून पत्र लिहिणाऱ्याला ओळखपरेड नको असायची, निवाडा हवा असायचा.

पुण्यात काही वर्षं प्रोग्रामिंग करून मी या नोकरीत आले होते. लेख मिळवायचे, त्यांतला कोड चालवून पाहायचा, तक्ते लावायचे, अंकासोबतच्या सीडीवर काय जाणार ते ठरवायचं, हे माझं काम. प्रिंटर, सर्व्हर, डेटाबेस यांच्या परीक्षणांवर दाब कुठून येतो हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. अंक छपाईला जायच्या आदल्या संध्याकाळी जाहिरात विभागाचे साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले की काय ते समजायचं. ओपन सोर्स फ्रेमवर्कला मात्र ना विक्री अधिकारी, ना पत्रकार परिषद, ना त्यानंतरचं जेवण. तेव्हा निदान ही पानं तरी स्वच्छ, असं संपादकीय विभागात धरून चालत.

पैसा तिथेही होता, त्याचं दार फक्त वेगळं होतं. फ्रेमवर्क शिकवणारे क्लास होते, त्यावर पुस्तकं काढणारे प्रकाशक होते, जागा भाड्याने देणाऱ्या होस्टिंग कंपन्या होत्या आणि परदेशी कामं घेणाऱ्या सल्लागार कंपन्याही होत्या. अशाच एका कंपनीकडून आम्हाला तयार लेख यायचे. लिहिणारा तिथला आर्किटेक्ट, भाषा नीट, मजकूर वेळेवर, मानधनाची अपेक्षा नाही. संपादनाच्या टेबलावर यापेक्षा गोड काही नसतं. त्या लेखांत खोटं एक वाक्य सापडायचं नाही. फक्त तुलनेत जिंकायचं ते फ्रेमवर्क, ज्यात त्या कंपनीची माणसं आधीच तयार असायची. काय मोजायचं हे ज्याच्या हातात, निकालही त्याच्याच हातात, हे मला त्या लेखांनी शिकवलं.

उपाय सोपा वाटायचा: ज्याचा कशातच हात गुंतलेला नाही अशा माणसाकडून लिहून घ्या. तसा माणूस शोधायला लागले आणि खरी अडचण समोर आली. एखादं फ्रेमवर्क आतून कळायला ते चालत्या कामात वर्षभर तरी वापरावं लागतं. आणि ज्याने स्वतःहून वर्षभर वापरलं, रात्री जागून त्यातले दोष दुरुस्त करून पाठवले, तो त्या फ्रेमवर्कचाच झालेला असतो. जो कुणाचाच नाही, त्याने चार दिवस वाचून मत बनवलेलं असतं. लग्नाचं स्थळ पाहताना मुलाची खरी माहिती त्याच्या नातेवाइकांकडेच असते आणि नेमकी तीच जपून घ्यावी लागते, तसलाच हा पेच. जाणकार तटस्थ नसे आणि तटस्थ जाणकार नसे.

याचं ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. जानेवारी २००५ मध्ये ओ'रायली या प्रकाशन संस्थेच्या ऑनलँप या संकेतस्थळावर कर्ट हिब्स यांनी रेल्सची ओळख करून देणारा लेख लिहिला. नेहमीच्या जावा फ्रेमवर्कच्या तुलनेत रेल्समध्ये वेबचं काम किमान दहापट वेगाने होतं, असा त्यात दावा होता. लेख उत्तम होता. त्याच्या मदतीने कितीतरी जणांनी पहिल्यांदा रेल्स चालवलं, मीसुद्धा. पण 'दहापट' हा आकडा लेखातून सुटला आणि एकटाच फिरू लागला. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या लेखात तो असायचा, कुणी मोजला, कशावर मोजला याचा पत्ता नसायचा. हिब्स हे रूबीच्या गोतावळ्यातले, विंडोजवर रूबी सहज बसवून देणाऱ्या इन्स्टॉलरमागचे. पुढे २००६ मध्ये रेल्सवरच्या एका पुस्तकाचे ते सहलेखक झाले आणि ते पुस्तकही ओ'रायलीनेच काढलं. यात लपवाछपवी काही नव्हती. इतकं जवळून माहीत असणारा माणूस दुसरीकडून आणणार कुठून? मात्र आकडा वाचणाऱ्याला तो कुठे उभं राहून सांगितला गेला, हे कळायला हवं होतं.

मतं नकोत, वस्तुस्थिती द्या, म्हणून आम्ही तक्त्यांकडे वळायचो. डावीकडे वैशिष्ट्यं, वर फ्रेमवर्कची नावं, चौकटींत बरोबरच्या खुणा. तक्ता पानावर देखणा दिसतो आणि कुणी न बोलता निकाल लागल्यासारखं वाटतं. एका अंकासाठी मी असाच तक्ता भरत होते. 'यूनिकोड' या ओळीत सगळ्यांनाच बरोबरची खूण होती, कारण प्रत्येकाच्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलं होतं. मी सहज म्हणून प्रत्येक फ्रेमवर्कमध्ये एक छोटा फॉर्म केला आणि त्यात 'पुणे' असं टाकलं. या शब्दाची लांबी किती, याची तीन उत्तरं संभवतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून बाइट बारा. प, उकार, ण आणि मात्रा धरली तर चिन्हं चार. आणि शाळेतल्या मुलाला विचारलं तर अक्षरं दोन. त्या काळची रूबी आणि पीएचपी दोन्ही बाइटच मोजत, म्हणजे उत्तर बारा. पायथनमध्ये यूनिकोडसाठी वेगळा प्रकार होता, पण तो आठवणीने वापरावा लागे. मोठ्या मजकुराचे पहिले शंभर बाइट कापून 'पुढे वाचा' अशी सोय केली की शेवटचं अक्षर मधोमध तुटायचं आणि पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटायचं.

इंग्रजीत काम करणाऱ्याला हा प्रश्न कधी पडलाच नसता, म्हणून परदेशी तुलनांमध्ये तो नव्हता. फ्रेमवर्कवाले काही झोपलेले नव्हते. जानेवारी २००७ च्या रेल्स १.२ मध्ये अशा मजकुरासाठी खास सोय आली, त्याच वर्षी जुलैमध्ये जँगोनेही आपलं पोट यूनिकोडसाठी साफ करून घेतलं. पीएचपीने मात्र ज्या सहाव्या आवृत्तीत हे करायचं ठरवलं होतं, तो प्रयत्न २०१० मध्ये सोडून दिला. म्हणजे माहितीपत्रकात ज्या तिघांपुढे एकसारखी खूण होती, त्या तिघांचे रस्ते प्रत्यक्षात अगदी वेगळे होते. त्या अंकात आम्ही ती ओळ काढून तिथे फॉर्मची छायाचित्रं छापली. एका फ्रेमवर्कच्या समर्थकाने रागाने फोन केला, "मॅडम, तुम्ही मुद्दाम अवघड उदाहरण निवडलंत." मी म्हटलं, "अहो, गावाचं नाव आहे. तुमच्या ग्राहकाला पत्त्यात ते लिहावं लागणारच ना?" यावर त्यांनी बसून आपल्या बाजूने एक पान लिहून दिलं, पुढच्या अंकात आम्ही ते छापलं, आणि त्या पानात उपयोगाचं बरंच होतं.

तक्ता मुळातच वाईट असतो असं यावरून मी म्हणणार नाही. २०१० मध्ये बेल्जियममधल्या डेव्हॉक्स परिषदेत मॅट रेबल यांनी जावाच्या जगातल्या वेब फ्रेमवर्कची तुलना मांडली: वीस निकष, आणि प्रत्येक चौकटीत शून्य, अर्धा किंवा एक गुण. ज्यांचं फ्रेमवर्क मागे पडलं ते तुटून पडले. तेव्हा रेबल यांनी कुठला गुण का दिला याची कारणं मांडून टाकली. वाद संपला नाही, पण त्याची जात बदलली. 'तू पक्षपाती आहेस' यावरून तो 'या चौकटीत अर्धा नव्हे, एक हवा, कारण असं' इथे आला. असं भांडण वाचणाऱ्याच्या हाताला काहीतरी लागतं.

वेगाच्या आकड्यांचं दुखणं याहून जुनं. मी मासिकात येण्याआधीचं पेट स्टोअर प्रकरण आमचे संपादक नव्या माणसाला आवर्जून सांगायचे. सन कंपनीने जावा कसं वापरावं हे शिकवण्यासाठी पाळीव प्राण्यांच्या दुकानाचा एक नमुना लिहिला होता. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये तेच दुकान डॉटनेटमध्ये बांधलं आणि आपल्याला कोडच्या सुमारे एक चतुर्थांशच ओळी पुरल्या, शिवाय वेगही कितीतरी जास्त, असं जाहीर केलं. शिकवण्यासाठी ऐसपैस लिहिलेला कोड शर्यतीत उतरवला गेला होता. ऑक्टोबर २००२ मध्ये मिडलवेअर कंपनीने स्वतःची चाचणी छापली, त्यातही डॉटनेट पुढे निघालं. ही कंपनी म्हणजे जावावाल्यांचं हक्काचं व्यासपीठ असलेलं 'द सर्व्हरसाइड' चालवणारी. चाचणीचा खर्च मायक्रोसॉफ्टने केला होता. गदारोळ उठला, बाहेरचे तज्ज्ञ बोलावून २००३ मध्ये नव्याने चाचणी घ्यावी लागली. संपादकांचा मुद्दा असा की आकडे खोटे होते की खरे, हा प्रश्न पहिल्या दिवसानंतर कुणी विचारलाच नाही. खर्च कुणाचा, हे कळल्यावर मोजमापाकडे पाहायची कुणाला गरजच उरली नाही.

त्या मानाने २०१३ मध्ये सुरू झालेल्या टेकएम्पॉवरच्या चाचण्या बऱ्याच पुढे गेल्या. चाचणीचा सगळा कोड उघडा, आणि ज्याला आपलं फ्रेमवर्क नीट मांडलेलं नाही असं वाटेल त्याने सुधारून पाठवावं. पक्षपाताची तक्रार करायला जागाच ठेवली नाही. पण मग ज्या गटाकडे हौशी आणि हुशार हात जास्त, त्याचा कोड चाचणीपुरता घासूनपुसून चकचकीत होणारच. रोजच्या कामात कुणी तसं लिहीत नाही. आकडे प्रामाणिक असतात, पण ते फ्रेमवर्कबद्दल जितकं सांगतात तितकंच त्यामागच्या माणसांच्या चिकाटीबद्दल.

अपयशाच्या बातम्यांची तऱ्हा आणखी निराळी. २००८ च्या सुमाराला ट्विटर सारखं बंद पडायचं. मे महिन्यात टेकक्रंचने ट्विटर रेल्स सोडणार असल्याची बातमी दिली, आणि ट्विटरचे सहसंस्थापक इव्हान विल्यम्स यांनी ती लगेच नाकारली. पण रेल्सला मोठा भार पेलत नाही, हे वाक्य एव्हाना सर्वतोमुखी झालं होतं. पुढे ट्विटरने मागच्या बाजूची संदेशांची रांग स्काला भाषेत नेली, शोधयंत्रणा जावावर नेली, आणि दर्शनी भागात रेल्स त्यानंतरही काही काळ राहिलं. म्हणजे बातमीत खऱ्याचा अंश होता, पण कुठला भाग, कुठल्या कामासाठी कमी पडला, हा सगळा तपशील गळून गेला होता. मुंबईतल्या एखाद्या दुकानाची दिवसाला शंभर गिऱ्हाइकं असलेली साइट करणारा मुलगा आम्हाला लिहायचा, "रेल्स घेऊ नये ना? ट्विटरचं काय झालं बघा." त्याला खरी धास्ती हवी होती ती वेगळ्याच गोष्टीची. आपल्याकडच्या स्वस्त होस्टिंगवर तेव्हा पीएचपी सर्वत्र मिळे, रेल्स चालवून घेणं मात्र डोकेदुखी होती.

ही डोकेदुखी आमच्या वाचकांना कळली ती रेल्सच्याच एका कट्टर समर्थकाकडून, आणि ते कसं घडलं ते सांगण्यासारखं आहे. आम्ही लेखाखाली एक चौकट सुरू केली होती: लेखक या फ्रेमवर्कवर पैसे कमावतो का, चालू कामात किती काळ वापरलं, त्याच्या कोडमध्ये स्वतःचा हात आहे का. काही जणांनी लेखच मागे घेतले. एका आर्किटेक्टने "आमच्यावर अविश्वास दाखवता?" असं विचारलं. या गृहस्थांनी मात्र सरळ लिहून दिलं की मी रेल्सचे वर्ग चालवतो आणि माझी चूल त्यावर पेटते. आणि मग त्यांनी फास्टसीजीआयच्या प्रक्रिया मध्येच कशा मरून पडतात, मग माँग्रेल हा सर्व्हर आल्यावर काय सुधारलं, लहान ग्राहकाला कुठल्या कामासाठी रेल्स देऊच नये, हे असं लिहिलं की विरोधकालाही जमलं नसतं. आपला स्वार्थ एकदा लिहून टाकल्यावर त्यांना तो सांभाळत बसावं लागलं नाही. चौकट लेखकाला बांधून ठेवील अशी आमची अटकळ होती, तिने त्यांना मोकळं केलं.

दुसरी सवय लावून घेतली ती वर्षभराने परत जाण्याची. ज्यांनी तुलना लिहिली त्यांनाच विचारायचं: तो प्रकल्प अजून त्याच फ्रेमवर्कवर आहे का, आवृत्ती बदलताना काय मोडलं, पहिला प्रोग्रामर गेल्यावर दुसऱ्याला किती समजलं? संपादकांना आधी हे पटेना. "जुन्या अंकाचं आता कुणाला काय?" पण नव्या फ्रेमवर्कचं कौतुक सगळ्याच नियतकालिकांत छापून येत होतं, दोन वर्षं संसार केलेल्याची हकिगत कुठेच नव्हती.

अशा परत जाण्याचं मोल मला सर्वांत जास्त जाणवलं ते रिअॅक्टच्या वेळी. तोवर ती नोकरी सोडून मी कंपन्यांना फ्रेमवर्क निवडायला मदत करू लागले होते. फेसबुकने मे २०१३ मध्ये रिअॅक्ट खुलं केलं. त्यावर, अँग्युलरवर आणि नंतर व्ह्यूवर तुलनांचा पूर आला: वेग किती, आकार किती, शिकायला सोपं कोणतं. परवान्याच्या रकान्यात मी पाहिलेल्या बहुतेक तक्त्यांत 'बीएसडी' एवढा एक शब्द. पण २०१४ च्या ऑक्टोबरपासून त्या परवान्याशेजारी पेटंटची एक स्वतंत्र फाइल होती. पेटंटवरून फेसबुकला कोर्टात खेचलंत तर रिअॅक्टसाठी दिलेला पेटंटचा हक्क संपेल, असा तिचा आशय. ती सगळ्यांसमोर उघडी पडलेली होती, परत जाऊन पाहणाऱ्याला सहज दिसली असती. जुलै २०१७ मध्ये अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनने आपल्या प्रकल्पांत असा परवाना चालणार नाही असं सांगितलं. ऑगस्टमध्ये फेसबुक म्हणालं, बदलणार नाही. १४ सप्टेंबरला वर्डप्रेसचे मॅट मुलेनवेग यांनी आपण रिअॅक्टपासून दूर जात असल्याचं जाहीर केलं आणि २२ सप्टेंबरला फेसबुकने माघार घेऊन एमआयटी परवाना देत असल्याचं सांगितलं. मग वर्डप्रेसही रिअॅक्टवरच राहिलं. जवळजवळ तीन वर्षं महत्त्वाची बातमी एका लहानशा फाइलीत पडून होती आणि तुलना करणारे मिलिसेकंद मोजत होते.

आता तर 'फुकट म्हणजे कुणाचं काही जात नाही' हा भ्रम ठेवायलाही जागा नाही. मिटिऑर या फ्रेमवर्कमागच्या कंपनीने २०१२ मध्येच १ कोटी १२ लाख डॉलरचं भांडवल उभं केलं होतं. स्वेल्टचे कर्ते रिच हॅरिस २०२१ मध्ये व्हर्सेलमध्ये गेले. ही कंपनी नेक्स्ट जेएस सांभाळते आणि होस्टिंग विकते. लारावेलमध्ये २०२४ साली एक्सेल या गुंतवणूक कंपनीने ५ कोटी ७० लाख डॉलर घातले. यात गैर काही नाही. फ्रेमवर्क सांभाळणाऱ्यालाही घरभाडं द्यावं लागतं, आणि पगार मिळणाऱ्याने सांभाळलेला कोड हौसेने सांभाळलेल्यापेक्षा पुष्कळदा जास्त टिकतो. पण ज्याला आम्ही जाहिरात नसलेलं पान समजत होतो, त्यावर आता लेखक, परिषदेतला वक्ता, शिकवणीचे व्हिडिओ करणारा, सगळेच कुणा ना कुणाच्या पदरी असतात. गिटहबवरचे तारे किंवा डाउनलोडचे आकडे पुढे करून यातून सुटका होत नाही. यंत्रं आपोआप करत असलेले डाउनलोडही त्यात धरलेले असतात आणि तारा देणाऱ्याने ते फ्रेमवर्क कधी चालवलेलं असतंच असं नाही.

आमच्या संपादकांशी माझा एक वाद शेवटपर्यंत मिटला नाही. मी म्हणायचे, सर, दोन्ही बाजू मांडू आणि वाचकावर सोडू. ते म्हणायचे, "वाचक पैसे मोजून अंक घेतो. 'तुमचं तुम्ही बघा' हे त्याला फुकटात सांगणारे पुष्कळ आहेत." त्यांचं खरं होतं, हे आता दर खेपेला मला पटतं. समोर बसलेल्या कंपनीच्या माणसाला दोन्ही बाजू आधीच पाठ असतात. पण नुसता निवाडाही मी देत नाही. कुठल्या कामासाठी, किती माणसांच्या जोरावर, काय चालवून पाहिलं आणि काय पाहिलं नाही, हे त्याच पानावर लिहिते. मी कोणत्या फ्रेमवर्कवर आजवर पैसे कमावले तेही लिहिते. एका ग्राहकाने ते वाचून माझ्या सल्ल्याच्या उलट निवड केली, कारण त्याच्याकडची माणसं माझ्या गृहीतकात बसत नव्हती. माझ्या अहवालाचा यापेक्षा चांगला उपयोग मला सुचत नाही. निवाडा द्यावाच. त्याखाली देणाऱ्याची सही हवी, पत्ता हवा आणि त्याच्या अन्नदात्यांची यादीही हवी.